सहा वाजता पोचू

त्सेत्सेरलेग, ९ ऑगस्ट

ओर्गिलदादा,

तू फोन घेत नाहीस म्हणून हे पत्र. उद्या सकाळी पुरेवकाका बस घेऊन उलानबातरला निघतील, त्यांच्या हाती देणार आहे. फोन बंद करता येतो, पुरेवकाकांना बंद करता येत नाही. ते तुझ्या काचेच्या ऑफिसच्या दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतील, "चुलून ड्रायव्हरचा पोरगा कुठं बसतो हो?" तुला ते आवडणार नाही. म्हणूनच मी टपाल सोडून त्यांना निवडलं.

बाबांचा ताप उतरलेला नाही. खोकताना बरगड्या हाताने दाबून धरतात. डॉक्टर म्हणाले, इतका वेळ त्या पाण्यात उभा राहिलेला माणूस या वयात वाचला हेच पुष्कळ. आई सारखा चहा पुढे करते आणि ते "ठेव" म्हणतात. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगितलं.

आता मुद्द्याचं. ३ सप्टेंबरला इथे चौकशी आहे. बाबांचा गाडी चालवायचा परवाना राहतो की जातो ते त्या दिवशी ठरेल. तुला येऊन एकच वाक्य बोलायचं आहे: नदी ओलांडायला मी सांगितलं. बाकी काही नको.

तुझ्या कंपनीने पाठवलेला खुलासा मी वाचला, कारण कंपनीच्या इथल्या ऑफिसात तो माझ्याच टेबलावरून पुढे गेला. "वयस्क ड्रायव्हरने सूचना डावलून पाण्यात गाडी घातली." डावलून! बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी सूचना पाळली, आणि तुम्ही त्याला डावलणं म्हणता.

तुला विसरायची घाई आहे, म्हणून मी पाहिलं ते लिहिते.

त्या सकाळी हॉलंडचं ते म्हातारं जोडपं गाडीपाशी उभं होतं. बाबांची राखाडी फुरगॉन, ती जुनी रशियन व्हॅन, तू दोनच महिन्यांपूर्वी कंपनीला भाड्याने लावली होतीस. तू म्हणालास, "बाबा, पाहुण्यांना सांगा किती वाजता पोचणार. कंपनीची हमी आहे." बाबा चाकाचे नट तपासायला खाली वाकले. नको ते ऐकू आलं की ते असेच वाकतात. बाकीचे ड्रायव्हर खिदळत होते. झोरिग ओरडला, "ओर्गिल, बापाला आधी घड्याळ बांध रे!" तू लाल झालास. म्हणालास, "बाबा, हे काय खूळ आहे? वेळ सांगितली की वाट रुसते का?"

बाबा उभे राहिले. हात विजारीला पुसले. म्हणाले, "वाट कशाला रुसेल? माणूस बांधला जातो."

मी भाषांतर करायला नकार दिला. मग तू स्वतःच पाहुण्यांसमोर बोटं नाचवलीस, एक पंजा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा. आणि बाबांकडे वळून म्हणालास, "म्हणा ना. सगळे बघतायत." बाबा म्हणाले, "सहा वाजता पोचू." तीस वर्षं त्या वाटेवर गाडी चालवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. आईच्या हातात दुधाचा डाव होता, वाट सुखाची व्हावी म्हणून गाडीमागे शिंपडायला. तो तसाच राहिला. गाडी वळणापार गेल्यावर तिला आठवलं.

दुपारी बाबा टेकडीवर चढून फोनला रेंज शोधून बोलले. फोन स्पीकरवर होता, खोलीत तू आणि मी. "सारा, शार गोल नदीला पाणी चढलंय. लाल झालंय. वर डोंगरात पाऊस आहे. सकाळपर्यंत उतरेल. पाहुण्यांना इथं बातसुरीच्या घरी निजवतो. कॅम्पवाल्यांना कळव, आज येत नाही." मी बरं म्हणाले. तू फोन ओढून घेतलास.

"बाबा, सहाची वेळ तुम्ही दिलीत. तुमच्या तोंडाने."

"पाणी बघशील तर—"

"झोरिग परवाच त्याच नदीतून गेला."

"झोरिगची गाडी उंच आहे. आणि परवाचं पाणी परवा होतं."

"जमत नसेल तर तसं सांगा. म्हातारे झालात असं कळवतो मी वर. उद्यापासून दुसरा माणूस पाठवतो."

त्यानंतर फक्त वारा ऐकू येत होता. मग बाबा म्हणाले, "बरं."

बाकी तुला माहीत आहे. गाडी मधोमध बंद पडून कलंडली, त्या बाईचं मनगट मोडलं, बाबांनी तिला पाठीवर घेऊन काठावर आणलं, मग तिच्या नवऱ्याला. मग गाडी वाहून जाऊ नये म्हणून दोर बांधून कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले, बातसुरी याक घेऊन येईपर्यंत. फोन झाला हे चौकशीत कळेल. काय बोलणं झालं ते फक्त आपल्या तिघांना ठाऊक आहे. मी मुलगी, माझ्या शब्दाला किंमत देणार नाहीत. तुझ्या शब्दाला देतील, कारण तो तुझ्या विरुद्ध जाणारा असेल.

ये.

तुझी सारा

*

त्सेत्सेरलेग, २० ऑगस्ट

दादा,

पुरेवकाकांनी तुझं गाठोडं आणून दिलं. कोरियन गोळ्या, गरम बनियन, आईला लोकरीचं पांघरूण. आणि निरोप. काका दारातच चाचरले. म्हणाले, "पोरी, तो बोलला तसं सांगू, का थोडं मऊ करून सांगू?" मी म्हणाले, तसंच सांगा. ते म्हणाले, "सारंगूआला सांगा, पुस्तकं वाचून तिचं डोकं फिरलंय. कंपनीवर आलं तर सगळ्यांवर येईल. तिची नोकरीही माझ्याच शब्दावर आहे." मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "अजून एक बोलला. आठवीत शाळा मी सोडली, म्हणून ती शिकली, म्हणाला."

हे खरं आहे. मी ते कधी नाकारलं नाही. पदवीच्या दिवशी मी पहिल्यांदा तुझ्यापुढे वाकले होते, बाबांच्या आधी. तू दुपारी गाड्या धूत होतास तेव्हा मी वर्गात बसले होते. पण दादा, ते शिक्षण तू मला दिलंस ते खरं बोलता यावं म्हणून, की खोटं चांगल्या इंग्रजीत लिहिता यावं म्हणून? हे एकदा ठरवून कळव.

कारण इंग्रजीवरूनच सगळं सुरू झालं. वसंतात तुझा फोन आला. "सारा, पाहुण्यांनी आपला देश कसा फिरावा ते लिहून दे. एक पान. तू शिकलेली आहेस." मला किती आनंद झाला होता! आठवडाभर मी तेच लिहीत होते. मी लिहिलं की आगगाडी इथे उत्तरेकडून दक्षिणेकडे एका रेघेत जाते आणि रेघेच्या दोन्ही बाजूंचा देश तिला ठाऊकच नाही. पश्चिमेला जायचं तर विमान दिवस वाचवतं, पण खाली उतरल्यावर पुन्हा कुणाच्या तरी गाडीतच बसावं लागतं. बस जिल्ह्याच्या गावापर्यंत सुखरूप नेते. त्यापुढे बाजारातल्या तळावर उभी असलेली, भरली की सुटणारी गाडी. तिच्यात तुमच्या मांडीवर कुणाचं तरी पोर येईल आणि पायाशी मेंढीचं कातडं, पण तुम्ही एक जागा भरलीत म्हणून खोऱ्यातली माणसं त्या दिवशी घरी पोचतील. भाड्याची जीप घेतलीत तर ती त्याच खोऱ्यातल्या माणसाची घ्या. आणि शेवटी लिहिलं होतं: ड्रायव्हरला कधी पोचणार असं विचारू नका, वाट कशी आहे असं विचारा.

तू त्यातलं शेवटचं वाक्य काढलंस, भरली की सुटणाऱ्या गाडीचा परिच्छेद काढलास, आणि वर मोठ्या अक्षरात टाकलंस: वेळेवर पोचण्याची हमी. खाली माझं नाव मात्र ठेवलंस. "पदवीधर स्थानिक सल्लागार." मी फोन केला तेव्हा तू हसलास. "अगं, पाहुण्यांना वेळ हवी असते. वेळ नाही दिली तर ते दुसऱ्याकडे जातात. तुझी ती गाडी भरेपर्यंत त्यांची सुट्टी संपते."

परवा ऑफिसात दोन फ्रेंच मुली आल्या होत्या. म्हणाल्या, देश बघायला सगळ्यात चांगली सोय कोणती? माझ्या मागे भिंतीवर तुमच्या पांढऱ्या जीपचं चित्र. मी त्यांना तळावर पाठवलं. संध्याकाळी जाऊन बघितलं तर त्या तिथेच बसलेल्या, बाजूला खोऱ्यातल्या दोन बाया, एका म्हाताऱ्याच्या कुशीत कोकरू. बाबांची गाडी नाही, आणि दुसरं कुणी तिकडे जात नाही. म्हातारा मला म्हणाला, "तुझ्या बापाची वाट बघतोय." मी म्हणाले, ते आजारी आहेत. तो म्हणाला, "मग बरा झाला की जाऊ." दादा, तो खरंच बसून राहिला. शेवटी त्याला मी आपल्या घरी झोपायला नेलं, कोकरासकट.

हॉस्पिटलात त्या डच बाईलाही भेटले. हाताला प्लास्टर. नवरा बाहेर तक्रार लिहीत होता. सहा म्हणाले होते, सहा म्हणाले होते, एवढंच त्याचं चाललेलं. बाई मला म्हणाली, "तुझ्या वडिलांनी पाण्यात शिरण्याआधी गाडी थांबवली होती. बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसले होते. मग काहीतरी पुटपुटले." मी विचारलं, काय? तिला आपली भाषा येत नाही.

गोळ्या बाबा घेतायत. बनियन घालत नाहीत.

सारा

*

त्सेत्सेरलेग, २८ ऑगस्ट

दादा,

पुरेवकाका म्हणाले, तू येतोयस. त्यांनी तीनदा सांगितलं, म्हणजे खरं असेल. घरात किती बदल झालाय ते तुला कळायला हवं, म्हणून घाईघाईने लिहिते.

बाबा काल उठून बसले. आईने त्यांचा ठेवणीतला निळा देल अंगरखा पेटीतून काढून उन्हात घातला, चौकशीला घालायला. बाबा म्हणाले, "लग्नाला चाललोय का मी?" पण कमरेचा पट्टा त्यांनी स्वतः शोधला. आई विचारते, ओर्गिल सुनेला आणि नातवाला आणेल का? चौकशीत नातू कशाला येईल, असं मी म्हणाले, तर म्हणते, "चौकशी काय सकाळभर चालेल. दुपारी जेवायला कुठं जाणार तो?"

बाबा तुझ्याबद्दल वाईट एक शब्द बोललेले नाहीत. मी बोलू लागले की म्हणतात, "सारा, चुलीवर काय आहे बघ."

मी ठरवलंय, तू खरं बोललास तर मी माझं सगळं परत घेईन. या दोन पत्रांत लिहिलेलं आणि मनात लिहिलेलं. कंपनी तुला काढेल, मला ठाऊक आहे. काढू दे. आपण तिघं मिळून बाबांची फुरगॉन दुरुस्त करू. तू चालव, मी तळावर उभी राहून पाहुणे आणीन. पाहुण्यांना देश दाखवायचा तर तो आपण दाखवू, आपल्या चालीने, कुणाला खोटी हमी न देता. तू हसशील. तू म्हणशील, सारा अजून कॉलेजातच आहे. असू दे. तुझ्यासारखा हुशार माणूस मी पाहिलेला नाही. तू पाचवीत असताना बाबांच्या गाडीचं इंजिन एकट्याने उघडून पुन्हा बसवलं होतंस, आणि बाबा गावभर सांगत फिरले होते. तो मुलगा कुठे गेला असेल, अशी मला रोज काळजी वाटते. तो ३ तारखेला येईल असं वाटतंय.

एकच वाक्य, दादा.

तुझी सारा

*

त्सेत्सेरलेग, ४ सप्टेंबर

ओर्गिल,

काल तू घरी न येता गेलास. आईने मेंढीचं मटण शिजवलं होतं. भांड्यावर झाकण ठेवून ती फाटकाशी उभी होती. तुझी पांढरी जीप समोरून गेली, तेव्हा ती आत धावली, डाव भरून आणला, आणि तुझ्या चाकांमागे दूध शिंपडलं. तू आरशात पाहिलं असशील किंवा नसशील.

मला काल झालेलं कागदावर उतरवायचं आहे. तुझ्यासाठी नाही. मला भीती वाटते की चार माणसांनी सांगितलं तर मीही उद्या दुसरंच आठवू लागेन.

चौकशी करणाऱ्या बाई भल्या होत्या. त्यांनी बाबांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग तुला विचारलं, "फोनवर काय बोलणं झालं?"

तू उभा राहिलास. तुझं तोंड उघडलं. तू काय बोलणार होतास ते मला आता कधीच कळणार नाही, कारण तेवढ्यात बाबा खुर्चीवरून उठले. पट्टा सारखा केला आणि म्हणाले, "बाई, पोराने थांबा म्हणून सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. तीस वर्षं ती नदी ओलांडतोय, मला वाटलं माझ्याएवढी ती कुणाला कळते? म्हाताऱ्याचा माज. लिहा."

बाईंनी तुझ्याकडे पाहिलं. "असंच झालं का?"

तू मान डोलावलीस.

बोललासही नाहीस. माझ्या एका वाक्याच्या मागणीवर तू एक शब्दही खर्च केला नाहीस.

मी उठले. मी म्हणाले, हे खोटं आहे, मी खोलीत होते, फोन स्पीकरवर होता. मी सगळं सांगितलं, तुझं "म्हातारे झालात" सुद्धा. बोलताना माझा आवाज चिरकला. बाईंची लेखणी थांबली होती. तेव्हा बाबा हसले. दादा, ते हसले! म्हणाले, "बाई, ही आमच्या घरातली पहिली पदवीधर. शिकलेल्यांना अन्याय लवकर दिसतो. बापाच्या मायेने बोलतेय पोर. ते नका लिहू." खोलीतले सगळे मायेने माझ्याकडे पाहू लागले. झोरिगसुद्धा. एका काकूने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि रुमाल दिला. मी रडत नव्हते. रुमाल हातात धरून बसले.

बाबांचा परवाना गेला. तुझी कंपनी मोकळी सुटली. बाहेर तू सिगारेट पेटवलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "ऐकलंस ना? बाबांनीच सांगितलं." जणू ते सांगतील हे तुला आधी माहीत नव्हतं. खरं सांग, तू आलास ते त्यांच्यावर भरवसा ठेवूनच ना? बाप पोटात घालेल, हे तुला तुझ्या हमीपेक्षा पक्कं ठाऊक होतं.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, असं का केलंत? ते बिछान्यावर पाय वर घेऊन बसले होते. देल अजून अंगातच. म्हणाले, "त्याचं लेकरू लहान आहे. शहरात भाड्याची खोली. माझं काय राहिलंय पुढे? पोरगा पाण्यात होता, बाहेर काढला, झालं."

मी म्हणाले, "आणि मला आत ढकललंत, त्याचं काय? सगळ्या गावासमोर मी खोटी पडले."

त्यांनी कमरेचा पट्टा सोडला. मग म्हणाले, "तू शिकलेली आहेस. तुला पोहता येतं."

आज सकाळी तुमच्या ऑफिसातून मला फोन आला, उद्यापासून येऊ नका म्हणून. तुझ्या शब्दावर मिळालेली नोकरी. तुझ्या शब्दावरच गेली का, ते विचारायचं मी टाळलं.

सारंगूआ

*

त्सेत्सेरलेग, ६ फेब्रुवारी

ओर्गिल,

पाच महिने लिहिलं नाही. आजही लिहिते ते बाबांनी सांगितलं म्हणून.

त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत: "ओर्गिलला लिही, आपलं नवं वर्ष दहा दिवसांवर आलं. सुनेला आणि नातवाला घेऊन यायचं. रस्त्यात बर्फ आहे, सावकाश यायचं. मनात काही धरायचं नाही, आमच्या मनात काही नाही." मी विचारलं, आमच्या म्हणजे कुणाच्या? ते म्हणाले, "लिही गं, घरातल्यांच्या." मी लिहिलं. हे वाक्य त्यांचं आहे. माझी सही त्याखाली नाही.

आता घरची हकीकत. बाबांनी फुरगॉन विकायला काढली नाही. अंगणात उभी आहे, आतला चिखल वाळून तडकलाय. रोज सकाळी ते तिच्यावरचा बर्फ झाडतात, बोनेट उघडतात, आत बघतात, आणि लावतात. शेजारी विचारतात, "चुलून, आज कुठं?" ते म्हणतात, "इथंच." तळावर आता खोऱ्याकडे जाणारी गाडी नाही. ओसाड झालाय तो, कुत्री झोपतात. बातसुरीची सून बाळंतपणासाठी नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून आली, मधे घोंगडं गुंडाळून. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. सुनेच्या पायाची दोन बोटं गेली, थंडीने. बाबा तिला बघायला हॉस्पिटलात गेले होते. आल्यावर त्यांनी जेवण घेतलं नाही.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. मुलं मला हळूच "हमीवाल्या बाई" म्हणतात. गावात कुणी माझ्याशी वाईट वागत नाही, तेच मला सोसत नाही. सगळे मला समजून घेतात. बाजारात काकू थांबवून सांगतात, "तुझं बापावर किती प्रेम गं. अशी मुलगी हवी." मी खरं बोलले होते, असं एकाही माणसाने म्हटलेलं नाही. कदाचित सगळ्यांना माहीत असेल आणि त्यांनी बाबांच्या बाजूने गप्प राहायचं ठरवलं असेल. आपल्याकडे बापाने मुलासाठी सांगितलेलं खोटं कुणी खोडत नाही. पण मग मुलीने बापासाठी सांगितलेलं खरं कुठे ठेवायचं? ते मी घेऊन फिरते. ते कुणाला नको आहे.

हिवाळ्यातही थोडे पाहुणे येतात, गरुडाच्या शिकारीचं ऐकून पश्चिमेला निघालेले. धर्मशाळेच्या मालकिणीने मला विचारलं, पाहुण्यांसाठी दारावर लावायला एक पान लिहून देशील का, कसं फिरावं त्याचं. पहिल्यांदा नाही म्हणाले. मग एका रविवारी बसून लिहिलं. आगगाडी, विमान, बस, घोडा, सगळं आधीसारखंच आहे. भाड्याच्या गाडीपाशी आल्यावर मी थांबले. कोणती गाडी चांगली? उंच चाकांची, नवी, जुनी? शेवटी असं लिहिलं: "गाडी बघत बसू नका. ड्रायव्हरला विचारा, वाटेत पाणी चढलेलं दिसलं आणि तू थांबलास, तर तुला कोण रागावेल? त्याने कुणाचंही नाव घेतलं तर त्या गाडीत बसू नका. ‘कोण रागावणार?’ असं म्हणून तो हसला तर त्याच्याबरोबर जगाच्या टोकापर्यंत जा." मालकीण म्हणाली, "हे फार लांबलं गं." पण लावलं तिने. खाली माझं नाव आहे आणि या वेळी मधलं काही कापलेलं नाही.

तर तू ये. बाबांना भेटायलाच ये, कारण ते दर गाडीच्या आवाजाला फाटकाकडे बघतात आणि मला दिसू नये म्हणून लगेच आकाशाकडे. आई पेटीतून नातवासाठी टोपी काढून ठेवतेय. सणाच्या पहिल्या सकाळी तू रीतीप्रमाणे बाबांच्या कोपरांखाली तुझे हात देशील, आणि ते तुझ्या हातांवर हात ठेवतील. नीट पेल. खूप वाळलेत ते. तुला वाटेल हातावर नुसत्या बाह्या ठेवल्यायत.

मग धाकट्यांची पाळी येईल. धाकट्या बहिणीने थोरल्या भावाच्या कोपरांखाली हात द्यायचे, तुला आधार आहे असं सांगायचं, आणि जुन्या वर्षाचं सगळं तिथे संपवायचं. मी चहा ओतेन. मटणाचे बूझ वाढेन. तुझ्या मुलाचे खिसे खाऊने भरेन, त्याने काही केलेलं नाही. पण तुझ्यापुढे आले की माझे हात खाली राहतील. सगळे बघतील. आई रडेल. बाबा म्हणतील, "सारा, हात दे." मी देणार नाही. जमलेल्यांतलं कुणीतरी कुजबुजेल की पोरगी शिकली आणि माणसांतून उठली.

उठू दे. ज्याला आधार द्यायचा तो माणूस त्या खोलीत माझ्यासाठी एकच आहे, आणि त्याने माझा आधार सगळ्यांसमोर नाकारलाय. दुसऱ्याला देण्यासाठी माझ्याकडे उरलेला नाही.

सारंगूआ